जाम झालेला नट, बोल्ट किंवा एक्सल घरी कसा सोडवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी मोटरसायकल खोलणाऱ्याचं काम बहुतेक वेळा एकाच जागी अडतं. बाकी सगळं सुटतं, एक बोल्ट सुटत नाही. खालची उत्तरं १०० ते १५० सीसीच्या, रोज रस्त्यावर धावणाऱ्या आणि चार महिने पावसात भिजणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मोठी गाडी असेल तर मापं बदलतील, रीत तीच.

पाना लावला, जोर लावला, बोल्ट हलत नाही. पान्याला पाइप जोडून ओढू का?

आत्ताच नका. बोल्टाचं डोकं शाबूत आहे तोवर तुमच्याकडे सगळे मार्ग मोकळे आहेत. डोकं गोल झालं की निम्मे बंद होतात आणि बोल्ट आत तुटला की उरलेल्यांतलेही बरेच जातात. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात बोल्ट नाही सुटला तरी चालेल, डोकं जाता कामा नये.

जोराचा अंदाज यावा म्हणून सांगतो. १० नंबरचा पाना लागतो तो बोल्ट बहुतेक वेळा एम-६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो साधारण १० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. म्हणजे २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला जेमतेम ५ किलोचा जोर. त्यालाच दोन फुटी पाइप लावून ओढलं तर बोल्ट मुंडी टाकणारच. मागच्या एक्सलच्या नटाला पाइप चालतो, इंजिनच्या साइड कव्हरला कधीच नाही.

हाताला एक फरक ओळखता आला पाहिजे. सुटणारा बोल्ट ‘टक्’ किंवा ‘कर्र’ असा आवाज करतो आणि मग फिरतो. तुटणारा बोल्ट आवाज न करता मऊ पडतो, पाना रबरात फिरल्यासारखा सरकतो. असं लागलं की तिथल्या तिथे थांबा. पान्याला पाइप लावला की नेमकी हीच जाणीव हातापर्यंत पोचत नाही.

जोर लावण्याआधी काय तपासायचं?

आपण सोडवतोय ती वस्तू खरंच जाम आहे ना, हे. एक्सलच्या नटात कॉटर पिन असते, स्प्रॉकेटच्या बोल्टांखाली दुमडलेली लॉक प्लेट असते, ब्रेकच्या टॉर्क रॉडच्या बोल्टालाही पिन असते. वर्षानुवर्षांच्या ग्रीस-मातीच्या थराखाली यातलं काहीच दिसत नाही. तारेचा ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन ती जागा आधी उघडी करा. ‘जाम’ म्हणून आणलेल्या गाड्यांतल्या कितीतरी अशा एका पिनेवर अडलेल्या असतात.

उलटे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने सुटणारे आटे कुठे असतात?

मोटरसायकलवर फार कमी ठिकाणी. नेहमी भेटणारं उदाहरण म्हणजे यामाहाच्या बऱ्याच गाड्यांचा उजवा आरसा. क्लच किंवा मॅग्नेटच्या बाजूला हात घालणार असाल तर आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघूनच घाला, तिथे अंदाज नको.

मुळात बोल्ट जाम होतो कशामुळे?

चार कारणं धरून चाला. उपाय कारणावर ठरतो.

पहिलं, गंज. लोखंड गंजलं की ते मूळ धातूपेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतं. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत हा गंज फुगतो आणि नट-बोल्ट एकमेकांत पाचर मारल्यासारखे बसतात.

दुसरं, दोन धातूंचं वैर. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये असेल आणि मध्ये खारट ओल असेल, तर तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. त्याची पांढरी, खडूसारखी भुकटी आट्यांत दाटते. बोल्टाभोवती तांबूस दिसलं तर गंज, पांढरं दिसलं तर हे प्रकरण. रत्नागिरी, मालवण, गोव्याच्या किनाऱ्यालगत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे दोन-तीन वर्षांतही होतं. पुण्या-नाशिकच्या गाड्यांत ते कमी असतं, पण तिथे दर आठवड्याला प्रेशरच्या फवाऱ्याखाली वॉशिंग करून लोक पाणी आत ढकलतात.

तिसरं, आवळताना झालेला अतिरेक. वेळ वाचवायला इम्पॅक्ट गनने ठोकलेले ऑइल ड्रेन प्लग याच जातीचे.

चौथं, थ्रेडलॉक, म्हणजे आट्यांना लावलेला डिंक. निळा साध्या पान्यानेच सुटतो. लाल मात्र साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय ढिला पडत नाही आणि त्यावर तेल ओतून काही उपयोग नसतो.

कोणती हत्यारं असायलाच हवीत?

सहा कोनी गोटी (सॉकेट) पाना. बारा कोनी गोटी आणि रिंग पाना रोजच्या कामाला ठीक, पण गंजून बारीक झालेल्या डोक्यावर ते कोपऱ्यांवरच धरतात आणि कोपरे खातात. फिक्स पाना फक्त दोन बाजू धरतो, त्यामुळे जाम बोल्टाला तो लावूच नये. ॲडजस्टेबल पाना पेटीतच राहू द्या.

याशिवाय अर्ध्या इंचाचा लांब दांडा, ५०० ग्रॅमची हातोडी, पितळेचा किंवा तांब्याचा जाड रॉड, व्हाइस ग्रिप (दाबून लॉक होणारी पकड), तारेचा ब्रश, डोळ्यांना चष्मा. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी इथे हे सगळं एका फेरीत मिळतं. सगळा सेट भारी कंपनीचा घेण्याची गरज नाही. १०, १२, १४ आणि १७ या चार गोट्या मात्र चांगल्या घ्या, कारण गाडीचा बराचसा भाग याच चार मापांत सुटतो.

प्लस स्क्रूच्या खाचा लगेच का जातात?

कारण पेचकस बहुतेक वेळा चुकीचा असतो. जपानी घराण्याच्या गाड्यांवरचे प्लस स्क्रू जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएस असतात. त्यांची खाच आपल्याकडच्या साध्या फिलिप्स पेचकसाशी नीट जुळत नाही. पेचकस तळाला टेकत नाही, जोर दिला की वर चढतो आणि खाच सोलून काढतो. डोक्यावर बारीक ठिपका असेल तर तो स्क्रू जेआयएस समजा.

इथे कामाला येतो तो हाताने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. हातोडी मारली की तो स्क्रूला आत दाबतो आणि त्याच क्षणी थोडासा फिरवतो. बिट खाचेत घट्ट बसवा, ड्रायव्हर सोडवण्याच्या दिशेला वळवून धरा आणि एकच ठाम घाव घाला. दहा हलक्या टिचक्यांनी खाच जाते. साइड कव्हरचे स्क्रू या एका हत्याराने सुटतात, आणि माझ्या मते घरच्या पेटीतली सगळ्यात वसूल होणारी खरेदी तीच.

डब्ल्यूडी-४० मारलं, तरी सुटत नाही. का?

कारण ते त्याचं पहिलं काम नाही. हा फवारा १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोत तयार झाला तो पाणी हटवायला आणि गंज रोखायला. हलक्या गंजाला चालतो, दाटलेल्या आट्यांत खोल शिरायला तो पुरत नाही. गंज सोडवण्यासाठी वेगळं पेनिट्रेटिंग ऑइल मिळतं, ते आणा.

गॅरेजमधला जुना उपाय म्हणजे डिझेल किंवा रॉकेलमध्ये थोडं इंजिन ऑइल. हळू काम करतं, पण करतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळूनही अनेकजण वापरतात आणि ते झिरपतं छान. मात्र दोन्ही एकमेकांत विरघळत नाहीत, दर वेळी हलवावं लागतं. शिवाय ॲसिटोन रंग आणि प्लास्टिक खातं आणि भडकन पेटतं.

कोल्ड ड्रिंक ओतण्याचा सल्ला ऐकू नका. त्यातलं आम्ल फार सौम्य असतं आणि साखरेचा चिकटा मागे राहतो. व्हिनेगर गंज खातं हे खरं, पण ते सुटलेला लोखंडी भाग बुडवून ठेवायला. गाडीवर, ॲल्युमिनियमच्या शेजारी नको.

तेल घालून किती वेळ थांबायचं?

रात्रभर. मध्ये दोन-तीनदा पुन्हा घाला. जास्त जाम असेल तर दोन-तीन दिवस रोज. तेल फवारून पाच मिनिटांत पाना लावणाऱ्याने तेल वाया घालवलं.

आणि जिथून ते आत जाईल तिथे घाला. डोक्यावर ओतलेलं तेल नुसतं ओघळतं. नटाच्या मागे जिथे आटे बाहेर दिसतात, तिथे ब्रशने साफ करून थेंब सोडा. शक्य असेल तर गाडी अशी कलती करा की थेंब आत ओढला जाईल.

हातोडी मारल्याने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि लोक समजतात त्याहून जास्त. गंजाचा थर कडक पण ठिसूळ असतो. धक्क्याने तो तडकतो आणि तडकलेल्या जागेतून तेल शिरतं. बोल्टाच्या डोक्यावर पितळी रॉड सरळ टेकवा आणि बोल्टाच्या रेषेत दहा-बारा मध्यम घाव द्या. नट असेल तर त्याच्या सपाट बाजूवर मारा, मागून दुसरी जड हातोडी टेकवून. ॲल्युमिनियमच्या केसिंगवर मात्र हातोडी कधीच नको. ते पिचत नाही, थेट तडकतं.

आधी आवळायच्या दिशेला फिरवावं म्हणतात, ते खरं?

हो. अगदी किंचित, सुतभर. गंजाची पकड एका दिशेने मोडली की दुसऱ्या दिशेला सोपं जातं. एकदा हलला की सरळ काढत सुटू नका. पाव फेरा बाहेर, थोडा आत, तेल, पुन्हा पाव फेरा. आट्यांत मोडलेला गंज तसाच ओढला तर तो पुढे गोळा होऊन पुन्हा अडतो, आणि बोल्ट तुटतो तो बहुतेक वेळा असाच, अर्धा बाहेर आल्यावर.

गरम करायचं म्हणजे नेमकं काय आणि किती?

उष्णता हा या सगळ्यातला सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, फक्त योग्य वस्तू तापवायला हवी. लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण गरम पाण्याखाली धरतो तसंच हे. बाहेरचं पसरलं पाहिजे, आतलं नाही.

नट जाम असेल तर नट तापवा, बोल्ट नाही. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असेल तर ॲल्युमिनियम तापवा. तेवढ्याच उष्णतेत ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण दुप्पट पसरतं, त्यामुळे १००-१२० अंशांनाही पकड सैल होते. पाण्याचा थेंब टाकून बघा, चर्र करून उडाला की पुरे. एवढं काम रंगारी वापरतात त्या हॉट एअर गनने होतं, त्यात ज्योत नसल्यामुळे घरी तीच बरी.

स्टीलच्या नटाला ब्लो टॉर्च लावता येतो. साफ केलेलं स्टील तापताना आधी गवती पिवळं होतं, मग ३०० अंशांच्या आसपास निळं. निळ्याच्या पुढे जायची गरज क्वचितच पडते. ॲल्युमिनियम मात्र असा कोणताही रंग दाखवत नाही. ते जसं होतं तसंच दिसतं आणि मग एकदम खचतं. म्हणून उघडी ज्योत ॲल्युमिनियमच्या एका जागी धरून ठेवू नये.

बोल्ट गरम असतानाच त्याच्या कडेला मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं. जुन्या फिटर लोकांची युक्ती आहे आणि चालते. मेण धुमसेल इतकं तापवायचं नाही, एवढंच.

गरम करताना कशापासून जपायचं?

इथे हयगय नको. पेट्रोलची टाकी काढून दुसऱ्या खोलीत न्या, नुसता कॉक बंद करून भागत नाही. टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते. बॅटरी काढा. पेनिट्रेटिंग ऑइल मारलेल्या जागी ज्योत लावण्याआधी ती पुसून कोरडी करा आणि तापलेल्या भागावर स्प्रे मारू नका.

ब्रेक क्लीनर वापरला असेल तर डबा वाचा. क्लोरीनयुक्त क्लीनरचा अंश तापला की फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. जस्ताचा मुलामा असलेले भाग तापवले की निघणारा पांढरा धूरही छातीत जाऊ देऊ नका. काम उघड्यावर करा, शेजारी वाळूची बादली ठेवा. शॉक ॲब्सॉर्बर, ऑइल सील, टायर आणि रबरी बुश यांच्याजवळ ज्योत नकोच.

बोल्टाचं डोकं गोल झालं. आता?

आधी एका मापाने लहान गोटी ठोकून बसते का बघा. नाही बसली तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून व्हाइस ग्रिप जितकी घट्ट लागेल तितकी लावा. ॲलन बोल्टाची, म्हणजे डोक्यात सहा कोनी खाच असलेल्या बोल्टाची खाच गोल झाली असेल तर थोडं मोठं टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराचं) बिट हातोडीने ठोकून बसवा.

उरला पर्याय वेल्डिंगचा. गोल डोक्यावर नवा नट ठेवून आतून वेल्ड मारला की नवं डोकं मिळतं, शिवाय बोल्ट आतून लालबुंद तापून गंजाची पकडही सुटते. दोन्ही कामं एकदम होतात, म्हणून हा उपाय एवढा लागू पडतो. फक्त गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरी सोडवा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाडीत इंजेक्शन असेल तर ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा) प्लगही काढा.

बोल्ट आतच तुटला. ईझी-आउट आणू का?

आणा, पण जपून. ईझी-आउट, म्हणजे तुटका बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा स्क्रू, अतिशय कडक आणि ठिसूळ स्टीलचा असतो. जो बोल्ट धडधाकट डोक्याला सुटला नाही, तो त्या बारीक उलट्या स्क्रूने सुटेल ही आशा बरेचदा फोल ठरते, आणि ते आत तुटलं की साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. मग स्पार्क इरोजन मशीन असलेल्या वर्कशॉपचे पाय धरावे लागतात.

तुटका भाग थोडा बाहेर असेल तर व्हाइस ग्रिप किंवा वर सांगितलेला वेल्ड. आतल्या आत तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारा. बराच वेळ लागला तरी मध्य साधा, सगळं त्याच्यावर आहे. मग लहान बिटपासून सुरुवात करा. उलट्या दिशेला कापणारं ड्रिल बिट मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण भोक पाडता पाडताच तुकडा सुटून बाहेर येतो.

काहीच जमलं नाही तर बोल्ट पूर्ण ड्रिल करून आटे नव्याने पाडायचे. एम-६ साठी ५ मिलिमीटरचं भोक, एम-८ साठी ६.८, आणि मग टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार. ॲल्युमिनियमचे आटेच गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे स्टीलच्या तारेचं वेटोळं बसवता येतं. नीट बसवलेलं हेलिकॉइल मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ असतं, त्यात कमीपणा मानू नका.

सायलेन्सरचे नट सुटत नाहीत.

इथे धोका नटाचा नाही, हेडमधल्या (इंजिनच्या वरच्या भागातल्या) स्टडचा, म्हणजे बिनडोक्याच्या बोल्टाचा आहे. हे स्टड बारीक असतात, शेकडो वेळा तापून-थंड होऊन शिणलेले असतात आणि ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये रुतलेले असतात.

रात्री तेल घाला. सकाळी इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा आणि हेड गरम असतानाच, हातमोजे घालून प्रयत्न करा. नट हट्टाला पेटला तर तो छिन्नीने किंवा नट स्प्लिटरने फोडून टाका. नट चार पैशांचा, स्टड तुटला तर अख्खं हेड खोलायची वेळ. कधी कधी नटासकट स्टडच बाहेर येतो. घाबरू नका, हे उलट चांगलं झालं. नवा स्टड दोन नट एकमेकांवर आवळून बसवता येतो.

मागच्या चाकाचा एक्सल नट निघाल्यावरही बाहेर येत नाही.

एक्सल बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये आणि मधल्या स्पेसरमध्ये गंजून धरलेला असतो. लोक लगेच टोकावर हातोडी घालतात, टोक फुलतं, आणि मग ते बेअरिंगमधून जाणारच नाही असं होऊन बसतं.

आधी चाकाखाली लाकडाचा तुकडा सारून चाकाचं वजन एक्सलवरून काढा. चेन ॲडजस्टर ढिले करा. मग एक्सल डोक्याकडून पान्याने फिरवा. बाहेर नाही ओढायचा, फक्त फिरवायचा. फिरायला लागला म्हणजे निम्मं काम झालं. आता नट उलट बाजूने टोकाच्या पातळीत येईल इतका परत चढवा, म्हणजे आटे वाचतील, आणि पितळी रॉड टेकवून मारा. नट चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मला) टेकला की काढा आणि पुढचं एक्सलहून बारीक रॉडने ढकला.

चिमट्याचा मोठा बोल्ट, म्हणजे स्विंग आर्मचा पिव्हट, वर्षानुवर्षं निघालेलाच नाही. तो निघेल?

घरच्या कामातला सगळ्यात कठीण बोल्ट हाच. खरं तर तो अवघड नाही, त्याच्याकडे कुणी पाहिलेलंच नसतं. चाक, चेन, ब्रेक यांच्या निमित्ताने बाकी सगळं कधी ना कधी सुटतं, चिमटा मात्र बुश वाजायला लागेपर्यंत कुणी काढत नाही.

आधी आत काय आहे ते समजून घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत चिमट्याच्या दोन्ही बाजूंना रबरी बुश असतो: बाहेर लोखंडी नळी, मध्ये रबर, आत दुसरी लोखंडी नळी. बोल्ट त्या आतल्या नळीतून जातो. पाणी फ्रेम आणि चिमट्याच्या फटीतून शिरतं आणि बोल्ट त्या नळीला आतून चिकटतो.

नट काढा आणि डोक्याला पाना लावून फिरवा. डोकं थोडं फिरलं आणि पाना सोडताच स्प्रिंगसारखं मागे आलं, तर बोल्ट नळीला चिकटलेला आहे आणि तुम्ही फक्त रबर पिळताय. डोकं फिरून फिरलेल्या जागी राहिलं तर पकड सुटली आहे, आता बाहेर ठोकणं एवढंच बाकी. ही एक परीक्षा केली की पुढचा सगळा दिवस कसा जाणार ते कळतं.

चिकटलेला असेल तर दोन्ही बाजूंच्या फटींत तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ तेल सोडा आणि दर वेळी डोकं पुढे-मागे पिळा. त्या पिळण्यानेच तेल आत ओढलं जातं. नट टोकाच्या पातळीत चढवून पितळी रॉडने घाव द्या. घाव जड हातोडीचा हवा, दोन किलोची असेल तर उत्तम. हलक्या हातोडीने टोक फुलतं, बोल्ट हलत नाही. काही गाड्यांत हाच बोल्ट इंजिनच्या मागच्या माउंटिंगमधूनही जातो. तिथे इंजिनखाली जॅक द्या, नाहीतर बोल्ट निघता निघता इंजिन खाली बसेल.

इतकं करूनही नाही, तर कापा. चिमटा आणि फ्रेम यांच्यामध्ये थोडी फट असते, त्यात हॅक्सॉचं नुसतं पान घालून बोल्ट आणि नळी एकदम कापता येतात, दोन्ही बाजूंनी. कंटाळवाणं काम आहे, हात भरून येतात, पण फ्रेमला धक्का लागत नाही. पानाचं एक टोक चिंध्या गुंडाळून धरा. चिमटा सुटला की फ्रेममधले तुकडे टिचकीसरशी पडतात, आणि चिमट्यातला बुश लेथवाल्याच्या हायड्रॉलिक प्रेसवर दाबून काढून घ्या. बुश नाही तरी बदलायचाच होता आणि नवा बोल्ट बुशच्या सेटबरोबरच घेता येतो. म्हणून मी तरी चौथ्या दिवसानंतर या बोल्टाशी भांडत बसणार नाही.

डिस्क ब्रेकच्या कॅलिपरचा पिस्टन जाम आहे. त्यालाही तेल घालू?

अजिबात नको. साधं तेल, डिझेल, डब्ल्यूडी-४० यांतलं काहीही तिथल्या रबरी सीलला लागलं की सील फुगतं. तिथे फक्त ब्रेक फ्लुइड किंवा रबरासाठीचं ब्रेक ग्रीस.

पिस्टन बाहेर काढायला ब्रेकचं लिव्हरच वापरा. कॅलिपर डिस्कवरून काढा, समोर लाकडाची पट्टी ठेवा आणि हळूहळू लिव्हर दाबा. त्या दाबापुढे गंज टिकत नाही. कॉम्प्रेसरची हवा वापरण्याच्या भानगडीत पडू नका, पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोटं मध्ये असतात. पिस्टनवर खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर मारत बसू नका, बदला. फ्लुइड टाकीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उठतो.

गाडी वर्षभर उभी होती, आता किकच बसत नाही.

स्पार्क प्लग काढून त्या भोकातून दोन-तीन चमचे पातळ ऑइल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग गाडी टॉप गिअरला टाकून, मुख्य स्टँडवर, मागचं चाक हाताने थोडं पुढे-मागे झुलवा. किकवर उभं राहू नका आणि ढकलस्टार्ट तर नकोच. चालता चालता ऑइल संपून इंजिन धरलं असेल तर हा उपाय नाही, ते बोअर-पिस्टनचं काम.

कुठे थांबून मेकॅनिककडे किंवा लेथवाल्याकडे जायचं?

बोल्ट मऊ पडतोय असं हाताला लागलं तर. इंजिनच्या हेडमध्ये किंवा क्रँककेसमध्ये काही तुटलं आणि तुमच्याकडे सरळ ड्रिल धरायची सोय नसेल तर. आणि स्टिअरिंग, ब्रेक, चाक यांतला कोणताही भाग वाकला किंवा तडकला असेल तर. सुटा भाग पिशवीत घालून लेथवाल्याकडे नेणं स्वस्त पडतं, अर्धी खोललेली गाडी टेम्पोत घालून नेणं महाग. शक्य असेल तर जाम बोल्टासकट तो भागच गाडीवरून उतरवा.

परत बसवताना काय लावलं म्हणजे पुढच्या वेळी हे होणार नाही?

एक्सल आणि चिमट्याच्या बोल्टाला पाण्यात टिकणारं ग्रीस, बोल्टाच्या पूर्ण लांबीवर, पातळ. सायलेन्सरच्या स्टडला तांब्याचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट), कारण तिथे ग्रीस जळून जातं. ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टांना निकेलचं किंवा ॲल्युमिनियमचं अँटी-सीझ. स्पार्क प्लगला मात्र कंपनीने सांगितलं नसेल तर काहीच नको, बऱ्याच प्लगच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावलं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी दिला असेल तर साधारण पाव भाग कमी धरा. जिथे कंपनीने थ्रेडलॉक सांगितलं आहे तिथे ग्रीस लावू नका, विशेषतः डिस्कच्या बोल्टांना.

गंजलेल्याच्या जागी स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घालू का?

दिसायला छान, पण सरसकट नको. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये स्टेनलेस घातलं की झिजतं ते ॲल्युमिनियम, त्यामुळे अँटी-सीझ लावलंच पाहिजे. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टावर कोरडा आवळला तर आटे एकमेकांत वितळल्यासारखे धरतात आणि मग कापण्यावाचून गत्यंतर नसतं. नेहमीचे स्टेनलेस बोल्ट डोक्यावर ८.८ असा ताकदीचा शिक्का असलेल्या स्टीलएवढे ताकदवानही नसतात. नंबर प्लेट, मडगार्ड, साइड कव्हरला खुशाल घाला. एक्सल, कॅलिपर आणि चिमटा यांचे बोल्ट मात्र हार्डवेअरच्या दुकानातून न घेता गाडीच्या स्पेअरचेच घ्या. पुण्यात त्यासाठी नाना पेठ आहेच. जाताना जुना बोल्ट खिशात न्या, म्हणजे लांबी आणि आट्यांचा पिच काउंटरवरच जुळवून घेता येतो.